कारण लिहून द्या

खंडेराव लष्करात गाडी चालवायचा. बारा वर्षं चालवली आणि हवालदार झाला. पिशोरच्या मेंढपाळ घरातला तो पहिलाच पगारदार. २०१२ साली त्याच्या फोनमधले मुकुंदचे निरोप कुणीतरी वाचले आणि वर नेऊन दिले. मुकुंद औरंगाबादच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचा. दोघांचं एकमेकांवर पाच वर्षांपासून प्रेम होतं.

अधिकाऱ्यानं आवाजही चढवला नाही. "घरची अडचण आहे असा अर्ज कर. इज्जतीनं जाशील."

"माझ्या घरी अडचण नाही, साहेब. अडचण तुम्हाला आहे. काढायचं तर कारण लिहून द्या."

कारण कुणी लिहिलं नाही. 'सेवेची आवश्यकता उरलेली नाही' एवढी एक ओळ घेऊन तो पिशोरला आला.

आई, दगडाबाई, मेंढरांना पाला टाकत होती.

"चोरी केली का?"

"नाय, माय."

"बंदूक टाकून पळाला का?"

"नाय."

"मंग?"

त्यानं सांगितलं. सरळ, तिला कळेल अशा शब्दांत. ती बराच वेळ एका मेंढराच्या खुरातला काटा काढत राहिली. मग म्हणाली, "मला ह्यातलं काय बी कळंना. पण चोरी नाय केली, पळाला नाय, तर घरी का बसला? जा, भांड त्यांच्याशी."

पाऊस त्या साली दगा देऊन गेला. विहिरी आटल्या, मेंढरं विकली. खंडेराव औरंगाबादला मुकुंदच्या घरी राहायला आला आणि पाण्याच्या टँकरवर लागला. बीड बायपासच्या पलीकडं नव्या नव्या कॉलन्या उठत होत्या. त्यांना नळ नव्हते, टँकर होते. दिवसभर तो गाडी चालवायचा. संध्याकाळी तो सांगायचा आणि मुकुंद लष्कराला अर्ज लिहायचा. सहा वर्षं अर्ज जात राहिले. उत्तर आलंच तर एवढंच, की अर्ज मिळाला.

२०१८च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, असं प्रेम गुन्हा नाही. मुकुंदनं पेढे आणले. खंडेरावनं पेढा हातात तसाच ठेवून उमाताईंना फोन लावला. त्या मुकुंदच्या मामेबहीण, वकील.

"लष्कराचा कायदा वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "तिथं हे आपोआप लागू होत नाही. पण आता दार वाजवता येईल. तुझ्या कामात खोट नव्हती हे शपथेवर सांगणारा तुकडीतला कुणी आहे?"

एकच होता. सुभेदार बद्रीनाथ. खंडेरावच्या विरोधातल्या अहवालावर सहीसुद्धा त्यांचीच होती. निवृत्त होऊन त्यांनी औरंगाबादच्याच सातारा परिसरात घर बांधलं होतं, आणि २०१९च्या उन्हाळ्यात त्या गल्लीला खंडेरावचाच टँकर जायचा. डोक्याला रुमाल गुंडाळलेला ड्रायव्हर त्यांनी ओळखला नव्हता. एका मंगळवारी त्यानं रुमाल सोडला.

"हवालदार खंडेराव, साहेब. तुमचं शपथपत्र पाहिजे."

बद्रीनाथांनी आधी गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. "हळू बोल. इथं मला लोक मान देतात."

"मलाही देत होते."

"जमायचं नाही."

"शुक्रवारी परत विचारतो."

शुक्रवारी विचारलं. पुढच्या मंगळवारी विचारलं. बद्रीनाथ कधी फाटकाशी येईनात, कधी दुसरा ड्रायव्हर मागवायची धमकी देत. खंडेराव हौद भरायचा, विचारायचा आणि जायचा. मे महिन्यात धरणानं तळ गाठला. टँकर तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा बद्रीनाथ रिकाम्या हौदाशी उभे होते.

"सही केली नाही म्हणून पाणी तोडलंस ना?"

खंडेरावचं डोकं सणकलं. "बारा वर्षं पाहिलंत मला, आणि हे बोलता? पाणी तुमच्या हक्काचं, ते मी आणणार. सही माझ्या हक्काची, ती मी मागणार. ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाय."

त्यानं पाईप हौदात सोडला. हौद भरेपर्यंत बद्रीनाथ तिथंच उभे राहिले.

"अहवाल मला तयार मिळाला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी न वाचता... नाही. वाचला होता. माझी बढती अडकली होती. सही केली."

"हे लिहा."

"सगळं? माझी बेअब्रू होईल, खंडेराव."

"व्हईल थोडी. माझी झालीय. माणूस मरत नाय त्यानं."

आठवडाभरानं ते उमाताईंच्या ऑफिसात आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि सगळं लिहून दिलं.

मुंबईत लष्कराच्या न्यायाधिकरणापुढं सुनावणी झाली. समोरच्या वकिलांनी विचारलं, "असा माणूस असेल तर बराकीत बाकीचे जवान झोपणार कसे?"

खंडेरावनं बोलायची परवानगी मागितली. "बारा वर्षं झोपले, साहेब. सकाळी उठून माझ्याच गाडीत बसले."

निकाल विरोधात गेला. कायदा बदलणं आमच्या हातात नाही, नोकरी परत मिळणार नाही. फक्त सेवेच्या दाखल्यावर 'वर्तन उत्तम' असा शेरा द्यावा.

बाहेर पायऱ्यांवर बद्रीनाथ म्हणाले, "शेरा मिळाला. आता घरी बस. तसंही तुझं वय गेलं."

"माझं गेलं. आत्ता बराकीत जो फोन लपवून बसलाय त्याचं कुठं गेलंय?" तो उमाताईंकडं वळला. "वरच्या कोर्टात किती वर्षं लागतील?"

"पाच. दहासुद्धा."

"लागू द्या."

अपिलाच्या कागदांवर सह्या करायच्या दिवशी दगडाबाई पिशोरहून एसटीनं आली. कुणी बोलावलं नव्हतं. खुर्चीवर मुकुंदच्या शेजारी बसली, त्याला म्हणाली, "लई वाळला रे तू," आणि टेबलावर हात ठेवला.

"अंगठा कुठं लावू?"

"आजी, तुमचा अंगठा लागत नाही," उमाताई म्हणाल्या.

"लागत नसंल. पण माझ्या पोराला काढलं ते मला मान्य नाय. तसं लिहा, मी लावते."

उमाताईंनी कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं.