दोन बोटं सैल

गेले तीन महिने मी सकाळी रडून उठल्यासारखी दिसते. रडत नाही, रडायला वेळ कुठे आहे? पण आरशात बघावं तर डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, आणि आत कुणी मूठभर वाळू टाकून गेल्यासारखं. पाणी मारलं की आणखी चुरचुरतं. शेजारीण जिन्यात भेटली की आवाज खाली आणून विचारते, "घरात सगळं ठीक ना?" आणि आमच्या ह्यांच्याकडे असं बघते, की ते बिचारे दोन-दोन पायऱ्या एकदम उतरतात.

घरात सगळं ठीक आहे. मी रात्री नाकाला मशीन लावून झोपते, एवढंच.

माझं घोरणं ह्यांनी तीस वर्षं ऐकलं, कधी चकार शब्द काढला नाही. तक्रार केली ती मध्येमध्ये घोरणं थांबायला लागलं तेव्हा. "तू श्वासच घेत नाहीस गं," म्हणाले. मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल तुम्हाला. मग एका रात्री त्यांनी मोजलं. सत्तावीस आकडे होईपर्यंत मी निपचित होते, आणि अठ्ठाविसाव्याला असा आचका दिला, की ह्यांच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. दुसऱ्याच दिवशी मला दवाखान्यात नेलं. तिथे रात्रभर अंगाला तारा लावून तपासलं आणि हे मशीन दिलं. उशाशी एक डबा, डब्यातून निघालेली नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क, आणि तो धरून ठेवायला डोक्यामागून चार पट्टे. रात्रभर ते नाकात वारा ढकलत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही आणि श्वास थांबत नाही.

श्वास खरंच थांबला नाही. पण तो वारा मास्कच्या वरच्या कडेतून निसटायचा आणि थेट डोळ्यांवर यायचा. मिटलेल्या डोळ्यांतसुद्धा शिरायचा. कुणी रात्रभर डोळ्यांवर फुंकर घालत बसावं तसं. फुंकर बरी असते हो, पण सात तास?

आता आमचे हे प्लंबर. चाळीस वर्षं लोकांचे गळके नळ बंद केले. कुठे काही गळतंय म्हटलं की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. रात्री मशीन सुरू झालं की कान लावून ऐकायचे, "वरून लीक आहे," म्हणायचे आणि पट्टा बोटभर आवळायचे. दुसऱ्या रात्री आणखी बोटभर. सकाळी माझ्या गालांवर पट्ट्यांचे वळ आणि नाकाच्या मुळाशी लाल खड्डा. पण डोळ्यांचं दुखणं काही कमी होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात, मी थेंब घालून करायला लागले.

कारण माझं सगळं काम डोळ्यांचं. कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानात, मागच्या खिडकीशी बसून मी रफू करते. कोटाला सिगारेट लागली, शालीला कसर लागली, विजार खिळ्याला अडकली, की ते माझ्याकडे येतं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोकावर एकेक उभा-आडवा धागा विणून कापड पुन्हा जन्माला घालायचं. माझ्या आत्याने मला हे शिकवलं. तिचा एकच नियम होता: धागा ओढायचा नाही, बसवायचा. ओढलास की कापडाला चुणी पडते, आणि चुणी पडली की झालीच चुगली. छत्तीस वर्षांत माझ्या कामाने चुगली केली नाही.

त्या सोमवारी दुकानात बँडमास्तर आले. उंच, वाकलेले गृहस्थ. तीस वर्षं एकाच काळ्या कोटात बँड वाजवून घेतला आणि येत्या रविवारी त्यांचा निरोपाचा कार्यक्रम. तो कोट त्यांनी आठवड्यापूर्वी दुरुस्तीला टाकला होता आणि दोनच दिवसांपूर्वी घरी नेला होता. कॉलरच्या खाली कसरीने खाल्लेलं एक भोक होतं, ते बुजवायचं होतं.

त्यांनी कोट गल्ल्यापाशी पसरला. "भोक आहे तसंच आहे बाई," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "पण माझं काज कुठे गेलं?"

कोटाच्या कॉलरवर जे काज असतं, त्यात त्यांच्या बँडचा बिल्ला लागायचा. तीस वर्षं बिल्ला लावून-काढून त्या काजाच्या कडेचे टाके झिजून गेले होते, नुसती फाटल्यासारखी चीर उरली होती. आणि मी चुरचुरत्या डोळ्यांनी, काळ्यावर काळं बघत, ते काज रफू करून टाकलं होतं. इतकं सुरेख, की तिथे कधी काज होतं हे मास्तरांच्या बायकोलाही पटेना.

मास्तर हसले. मलाही हसू आलं. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. वडिलांमागे दुकान चालवतात, मला मावशी म्हणतात. मास्तर गेल्यावर म्हणाल्या, "मावशी, गेल्या महिन्यात निळ्या विजारीला काळ्या विजारीतला धागा गेला. मी बोलले नाही. आता हे."

"उघडून देते ना मी. माझंच काम आहे."

"शनिवारी सकाळी ते न्यायला येतील. तोवर नाही जमलं, तर मी कोट दुसरीकडे पाठवते. आणि पुढच्या महिन्यापासून तुम्ही बटणं आणि हूक लावा. रफू नको." मग माझ्या डोळ्यांकडे बघून त्या जरा थांबल्या. "मला वाईट वाटतंय हो. पण डोळ्यांसमोर दिसतंय ते कसं नाकारू?"

राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्या खरं बोलत होत्या. मी कोट मांडीवर घेतला आणि काज शोधायला लागले. माझंच काम मला सापडेना. छत्तीस वर्षं ज्याचा तोरा मिरवला, तेच माझ्या मुळावर आलं होतं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "शनिवारपर्यंत मशीन बंद. मला डोळे पाहिजेत."

ते जेवता जेवता थांबले. "मशीन बंद नाही करायचं. लीक मी काढतो."

"तीन महिने तेच काढताय."

"आज शोधूनच काढतो."

जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा लावला, मास्क दिव्याखाली धरला, ओल्या बोटाने सगळीकडून चाचपला. मास्कच्या समोर बारीक बारीक भोकांची एक ओळ होती. "हे बघ!" ते म्हणाले. चोर पकडल्यासारखा चेहरा. "भोकंच आहेत. कंपनीनेच ठेवलीत!" आणि नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपने त्यांनी ती सगळी भोकं बंद केली. हात असा सफाईदार, की माझ्या रफूची आठवण व्हावी.

मी मास्क लावला. पाचच मिनिटांत जीव घुसमटला, डोकं जड झालं. पट्टे ओरबाडून मी उठून बसले. ह्यांचा चेहरा कणकेसारखा पांढरा.

"बास," मी म्हटलं. "तुमचं प्लंबिंग बास. मशीन बास. मला झोपू द्या."

त्या रात्री आणि मंगळवारी रात्री मी मशीनशिवाय झोपले. डोळे थोडे निवले, नाही असं नाही. पण दिवसभर डोकं शिशाचं. बुधवारी दुपारी कोट मांडीवर घेऊन मी सुई टेकवली आणि बसल्या जागी डुलकी लागली. सुई अंगठ्यात गेली तेव्हा जाग आली. अशा हातात ब्लेड घेऊन मास्तरांच्या तीस वर्षांच्या कोटाला हात लावायचा? इकडे आड, तिकडे विहीर. मशीन लावावं तर डोळे जातात, काढावं तर उरलेली मी जाते. अंगठा तोंडात धरून मी खिडकीशी बसले आणि तेव्हा मात्र खरंच रडले. पाण्याने डोळ्यांना बरं वाटलं, हा त्यातला विनोद.

संध्याकाळी घरी गेले तर हे दार उघडायला आले, आणि त्यांचेही डोळे लाल.

"तुम्हाला काय झालं?"

"कुठे काय."

"झोपला नाहीत?"

ओट्यावर एक जुनी पावती पडली होती, तिच्या मागच्या बाजूला त्यांच्या ठसठशीत अक्षरात आकडे. एकोणीस. चोवीस. बावीस. एकतीस. दोन रात्रींचे. मी शांत झोपले होते आणि हा माणूस शेजारी बसून मोजत होता.

"उद्या मशीनवाल्या बाईंकडे जाऊ," मी म्हटलं. "आपण दोघं."

मशीन आणि मास्क देणाऱ्या बाई दवाखान्याच्या तळमजल्यावर बसतात. त्यांनी मास्क हातात घेतला आणि पहिल्यांदा टेपच दिसला. "हे कुणी केलं?"

"लीक होतं," हे म्हणाले.

"काका, हे लीक नाही. ह्यातून त्यांनी सोडलेला श्वास बाहेर जातो. ही भोकं बुजवली तर तोच श्वास परत आत घेतील. पुन्हा कधी करू नका, जीवावर बेतेल." त्यांनी टेप सोलून काढला. हे खाली बघत बसले. चाळीस वर्षांत त्यांच्या टेपला कुणी हात लावला नव्हता. मला कोटाचं काज आठवलं आणि मी काही बोलले नाही. मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार?

मग बाईंनी मला खुर्चीत आडवं केलं, मास्क चढवला, आणि पट्टे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या. "इतके कुणी आवळलेत?"

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अहो, ह्या मऊ कडेत हवा भरते, ती फुगते आणि चेहऱ्यावर बसते. आवळली की ती दुमडते, चुणी पडते. त्या चुणीतून सगळी हवा वर डोळ्यांत." त्यांनी चारही पट्टे सोडले, मशीन सुरू केलं, आणि मग मी आडवी असतानाच हळूहळू ओढून घेतले. "पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. तेवढे सैल. आणि थेंबांबरोबर रात्री घालायला मलम मिळतं, तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा."

फुसफुस थांबली होती. पापण्यांवर काहीच येत नव्हतं. आणि मी खुर्चीत पडल्या पडल्या स्वतःला शिव्या घालत होते. ओढायचा नाही, बसवायचा. छत्तीस वर्षं हाताने पाळलेला नियम, आणि तोच माझ्या तोंडावर रोज रात्री मोडला जात होता, तरी मला कळलं नाही. खरं सांगू? कळत होतं. गाल दुखायचे, वळ उठायचे. पण ते पट्टा आवळताना त्यांचा हात जरा वेळ माझ्या केसांत राहायचा, आणि मी काही म्हणायची नाही.

त्या रात्री मी आडवी झाले, मास्क चढवला आणि म्हटलं, "लावा पट्टा. दोन बोटं सैल."

त्यांनी लावला. पुन्हा हात आवळायला गेला. मी धरला.

"सैल राहिला आणि झोपेत सुटला तर?" ते म्हणाले. "मला डोळा लागला असला तर?" ते पट्टा सोडेनात. "अगं, सत्तावीस आकडे मोजणं म्हणजे काय असतं, तुला माहीत नाही. तू झोपलेली असतेस."

मी त्यांची दोन बोटं घेतली, गालावरच्या पट्ट्याखाली सरकवली आणि म्हटलं, "राहू द्या इथेच. सुटला तर कळेल तुम्हाला."

शुक्रवारी सकाळी उठले तर डोळ्यांत वाळू होती, पण मूठभर नव्हती, चिमूटभर होती. हे गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून. मी त्यांना उठवलं नाही. डबाही न करता दुकानात गेले, थेंब घातले, खिडकीशी कोट पसरला आणि कॉलर उजेडाला तिरकी धरली.

तासाभराने ते दिसलं. राईएवढी एक चुणी. डोळे पार गेलेल्या त्या दिवशी एक धागा माझ्या हातून जास्त ओढला गेला होता. माझ्या त्या सगळ्या सुरेख कामात तेवढी एकच चूक होती, आणि तीच माझ्या कामी आली. तिथे सुईचं टोक घातलं आणि एकेक धागा उसवत गेले. दुपारपर्यंत काज मोकळं झालं. कडेने नवे टाके घातले, मग कॉलरखालचं खरं भोक बुजवायला घेतलं. मालकीणबाई दोनदा येऊन मागे उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मावशी, एक काळी शेरवानी आलीय. सोमवारी बघाल?"

"बघीन," मी म्हटलं.

तीन वाजता हे डबा घेऊन आले. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या. खिडकीतून डबा आत दिला.

"सापडलं?"

मी काजातून बोट घालून दाखवलं. त्यांनीही एक बोट घालून बघितलं. चेहरा असा, की काज त्यांनीच उघडलंय.

"आणि तुम्ही? रात्री किती मोजलेत?"

त्यांनी डोकं खाजवलं. चोरी पकडली गेल्यासारखे हसले.

"सातपर्यंत आठवतंय," म्हणाले. "मग झोप लागली."