पूर्ण दाबानं

आमचे भावोजी पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनिअर. अख्खा जन्म पाण्याचा दाब वाढवण्यात गेला, त्यामुळे समुद्रावरून मासे पकडून आले की गळाची दोरी गुंडाळायच्या चकरीवर, म्हणजे रीलवरही पूर्ण दाबानं पाइप सोडतात. चांगली पंधरा मिनिटं. मी त्यांची मेहुणी, माझं रील दुरुस्तीचंच दुकान आहे. पण मला विचारतील तर शपथ!

"मेहुणीबाई, बारा वर्षं झाली," ते जेवताना हमखास ऐकवतात, "एकदाही तुमच्या दुकानाची पायरी चढलो नाही. निगा म्हणतात याला."

मी आमटी वाढून घेते. पायरी ते चढत नाहीत, त्यांचं रील चढतं. दरवर्षी ते मित्रांबरोबर आठवडाभर बाहेरगावी गेले, की ताई भाजीच्या पिशवीत घालून ते माझ्याकडे आणते. जोरदार धारेनं खारं पाणी फटीफटीतून आत घुसलेलं असतं. बेअरिंगं गंजून करकरत असतात. मी ती बदलते, मीठ साफ करते, ग्रीस भरते आणि बाहेरचा एकही ओरखडा न पुसता परत देते.

"त्यांना कळलं तर बघ हं," ताई दटावते. आता काय बोलायचं! राबणार मी, आणि कौतुक पाइपाचं.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात मासेमारी मंडळानं भावोजींना भाषणाला बोलावलं. विषय, रील वर्षानुवर्षं कसं टिकवावं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी त्यांचं मत विचारत होतं. त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली, आरशासमोर दोनदा भाषण म्हटलं. ताईला धास्ती बसली. खरं सांगायचं तर मलाही. मी त्यांची कितीही टर उडवते, पण तीस माणसांसमोर त्यांचं हसं झालेलं मला बघवलं नसतं.

मंडळाच्या अंगणात त्यांनी पाइप सोडला. पुढच्या रांगेतल्यांचे चष्मे भिजले, टाळ्या पडल्या. मी हुश्श करणार, तोच मागून एक आजोबा म्हणाले, "आतून दाखवा की! बारा वर्षं न उघडलेलं रील आम्हाला बघायचंय."

"बघा ना," म्हणत भावोजी स्क्रू फिरवायला लागले.

मला दरदरून घाम फुटला. आम्हा दुरुस्तीवाल्यांची एक सवय असते. काम झालं की झाकणाच्या आतून तारीख घालायची, सही ठोकायची. मी मेली ते दरवर्षी इमानेइतबारे करत आले होते.

झाकण निघालं. एकाखाली एक बारा तारखा, प्रत्येकीपुढे माझी सही. भावोजी बोट ठेवून सावकाश वाचत राहिले.

मग त्यांनी नळ बंद केला. "मंडळी," ते म्हणाले, "मी आत्ता दाखवलं ते करू नका. कसं करायचं ते माझी मेहुणी सांगेल." आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले. कान लालबुंद झाले होते.

माझी जीभ कधी नव्हे ती अडखळली. वरचं मीठ जाईल इतकीच हलकी धार. मग मऊ फडकं, सावलीत वाळवणं. आणि वर्षातून एकदा उघडून ग्रीस, तेही माहीतगाराकडून. भावोजी एका पाकिटाच्या पाठीवर सगळं लिहून घेत होते. ते बघून मला कसंतरीच झालं.

आम्ही तिघं घरी चालत निघालो. ते ताईला म्हणाले, "बारा वर्षं? एकदा सांगायचंस तरी."

"पहिल्याच वर्षी सांगणार होते हो," ताई म्हणाली. "पण रील धुताना तुम्ही गाता. एरवी मी तुम्हाला गाताना कधी ऐकलंय?"

 कोपऱ्यावर वळताना माझ्याकडे न बघता भावोजींनी विचारलं, "मेहुणीबाई, हलक्या धारेनं धुवायला जास्त वेळ लागत असेल, नाही?"

खरं तर दोन मिनिटं पुरतात.

"अर्धा तास तरी लागतो, भावोजी," मी म्हणाले.