इस्त्रीच्या फळीवरचा खून

मित्रांनो, रविवारच्या पुरवणीतला तो फोटो तुम्ही पाहिला असेल, तर कृपा करून विसरून जा. चकचकीत टेबल, त्यावर फुलदाणी आणि हनुवटीखाली हात ठेवून बसलेल्या आमच्या लेखिकाबाई. खाली ओळ काय? ‘याच टेबलावर जन्मली ही रहस्यकथा!’ साफ खोटे! ते टेबल घरात आले तेव्हा पुस्तक छापून, बांधून, दुकानात जाऊन बसले होते. फोटो काढला त्या दिवसापर्यंत त्या टेबलावर फक्त कुरियरवाल्याच्या कागदावर सही झाली होती.

पुस्तक लिहिले गेले ते माझ्या पाठीवर. मी एक जुनी इस्त्रीची फळी आहे. घडीची, लोखंडी पायांची, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. दिसायला मी काही खास नाही, हे मला ठाऊक आहे. पण खरे काय ते या घरात कोणी सांगत नाही, म्हणून मलाच बोलावे लागते आहे.

माझा जन्म दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. खाटांच्या उरलेल्या नळ्यांपासून माझे पाय केले. वेल्डरचे सगळे लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होते, त्यामुळे माझा एक पाय बोटभर तोकडा राहिला. मुकादमाने मला हलवून पाहिले. मी डुगडुगले. “कोण बघतंय!” असे म्हणून त्याने माझ्यावर पास झाल्याचा शिक्का मारला. माझा पहिला अपमान तो.

मला विकत घेतले ते लेखिकाबाईंच्या सासूबाईंनी. त्यांनी तोकड्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि म्हणाल्या, “झालं. आता तू आणि मी, दोघी सरळ.” त्यानंतर वीस वर्षे मी या घराचे सदरे, गणवेश, पडदे आणि उशांचे अभ्रे अंगावर घेतले. गरम इस्त्री पाठीवरून फिरते तेव्हा कसे वाटते, हे तुम्हाला कसे सांगू? पण मी कधी हूं की चूं केले नाही. पाहुणे म्हणायचे, “काय कडक इस्त्री आहे हो!” मान ताठ व्हायची ती इस्त्रीची. माझे नाव कोणी घेतले नाही.

त्या वीस वर्षांतच पुढे या घरात सून आली, म्हणजे आजच्या लेखिकाबाई. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात कामाला जायची आणि दुपारी दोनला परत यायची. तिच्या डोक्यात सतत खून चाललेले असायचे. घाबरू नका, मित्रांनो. गोष्टीतले खून! तेही कसे? रक्ताचा थेंब नाही, बंदूक नाही, पाठलाग नाही. एक लहानसे गाव, एक विषाचा पेला आणि एक उसवलेला खिसा. गुन्हा शोधून काढणारी कोण, तर कपडे दुरुस्त करून देणारी एक मावशी. लोकांच्या खिशांवरून आणि दुमडींवरून ती त्यांची लबाडी ओळखायची.

सूनबाई खुर्चीत बसून लिहायला लागली की दहा मिनिटांत पेंगायची. म्हणून तिने मला उघडले, कमरेच्या उंचीवर लावले आणि उभ्याने लिहायला सुरुवात केली. गोष्टीतली एकेक गोष्ट ती एकेका चिठ्ठीवर लिहायची आणि शिवणकामाच्या रंगीत मण्यांच्या टाचण्यांनी ती चिठ्ठी माझ्या कापडावर आडवी टाचायची. लाल मणी म्हणजे कोणीतरी खोटे बोलले. पांढरा म्हणजे खरे. निळा म्हणजे कोण कुठे होते. खुनी सगळ्यात आधी टाचायचा, माझ्या निमुळत्या टोकावर, आणि मग तिथून मागे मागे येत रुंद टोकाला पहिले पान. म्हणजे गोष्ट ती शेवटाकडून रचायची. चिठ्ठ्या लागलेल्या असल्या की ती माझ्या पायाला लाल नाडी बांधायची. नाडी आहे तोवर फळीवर इस्त्री करायची नाही, हा घरातला नियम होता. आणि लिहिताना अडले की? तेव्हा चिठ्ठ्या उतरवून, नाडी सोडून ती इस्त्री घ्यायची. ज्या आठवड्यात गोष्ट अडायची, त्या आठवड्यात शेजाऱ्यांचेसुद्धा कपडे कडक होऊन जायचे.

तिचे पेनही तऱ्हेवाईक. मागच्या टोकाने घासले की शाई गायब! खुनी सारखा बदलायचा असल्यामुळे तिला ते फार सोयीचे पडायचे.

सूनबाईंची पहिली वाचक सासूबाई. त्यांनी आयुष्यभर रहस्यकथाच वाचल्या होत्या. त्या चष्मा नाकावर ओढायच्या, दोन पाने वाचायच्या आणि म्हणायच्या, “डॉक्टर.”

“अहो आई, अजून खूनसुद्धा झाला नाहीये!”

“होईल की. आणि डॉक्टरच करेल. फार गोड बोलतोय मेला.”

मग सूनबाई डॉक्टर खोडून पुतण्या लिहायची. सासूबाई पुतण्याला पकडायच्या. पुतण्या खोडून ग्रंथपाल. सासूबाई ग्रंथपालालाही पकडायच्या. आणि प्रकाशक? त्यांचे तर नावच काढू नका! दहा जणांनी हस्तलिखित परत केले. एकाने लिहिले, ‘रक्त कुठे आहे?’ अहो, रक्ताचा डाग निघत नाही, मला विचारा! दुसऱ्याने लिहिले, ‘नायिका तरुण करा.’ तिसऱ्याने हस्तलिखितावर चहाचा कप ठेवला होता. तो गोल डाग मी या डोळ्यांनी पाहिला. चार वर्षे बाईने उभ्याने काढली आणि या माणसाने तिच्या कष्टांवर कप ठेवला! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

अकराव्या होत्या एक संपादकबाई. त्यांनी स्वतः फोन केला. “मावशी फार आवडली मला. पण खुनी आधीच कळतो हो. शेवट नवा करून पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारपर्यंत आणा. त्यानंतर आमची यंदाच्या पुस्तकांची यादी बंद होईल. आणि पुढच्या वर्षी मी इथे नसेन, निवृत्त होतेय.”

फोन ठेवून सूनबाई माझ्यावर दोन्ही कोपर टेकवून रडली. मग तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. जुन्याच चिठ्ठ्या घासून दहा दिवसांत चौसष्ट चिठ्ठ्या पुन्हा लिहून झाल्या. नवा शेवट, नव्या खुणा, सगळे नव्याने. लाल नाडीला तिने दोन गाठी मारल्या.

बुधवारी सकाळी ती दुकानात गेली. सासूबाई फिरायला गेल्या. घरात उरला तो सूनबाईंचा नवरा.

मित्रांनो, पुढे काय झाले ते पाहणारी मी एकटीच होते. त्याच्या कचेरीत त्या दिवशी कोणी मोठे साहेब येणार होते आणि त्याची पँट चुरगळलेली होती. त्याने नाडी पाहिली, मान खाजवली, आणि स्वतःशीच म्हणाला, “चिठ्ठ्यांना हात नाही लावला म्हणजे झालं.” मग त्याने दुहेरी चादर माझ्यावर, चिठ्ठ्यांवर, टाचण्यांवर अंथरली आणि तिच्यावर पँट ठेवून सणसणीत गरम इस्त्री फिरवली. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे?

दुपारी सूनबाईंनी माझ्यासमोर उभे राहून पाहिले, तर चौसष्ट चिठ्ठ्या कोऱ्या. टाचण्या जागच्या जागी. अक्षर एकही नाही.

तिने चिठ्ठ्या काढून एकेक उजेडात धरून पाहिली. नंतर कोणीतरी काहीतरी केले असणार, म्हणून विचारपूस सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, मी हात लावला नाही. आणि नवरा? तो काय म्हणाला ऐका. “या जुन्या धुडाचंच काहीतरी असणार. वीस वर्षांची वाफ मुरलीय त्या गादीत. ओल आली असेल, शाई उडाली असेल. टाकून देऊया ही फळी!”

मी! मी चिठ्ठ्या खाल्ल्या! ज्याने चटका दिला तो नामानिराळा आणि जिने सोसला ती गुन्हेगार! त्याच संध्याकाळी मला घडी घालून दारापाशी, चपलांच्या मांडणीला टेकवून ठेवले. उद्या भंगारवाला आला की द्यायचे, असे ठरले. सूनबाईंनी अडवलेसुद्धा नाही. ती भिंतीकडे पाहत बसली होती. मला तिचाही राग आला, खोटे कशाला सांगू!

गुरुवारी भंगारवाला फिरकलाच नाही. संध्याकाळी सूनबाई पेन घेऊन पेनच्या दुकानदाराशी भांडायला गेली आणि घाईघाईने परत आली. दारातूनच ओरडली, “आई! तो म्हणतो, ही शाई गरम झाली की दिसत नाही. घासल्यावरसुद्धा घासण्याच्या उष्णतेनंच जाते. त्यानं मला विचारलं, उन्हात ठेवलं होतं का? इस्त्री फिरवली का?”

“इस्त्री?” सासूबाईंचे डोळे चमकले. “पण नाडी होती ना?”

“दोन गाठी मारून होती.”

नेमका तेव्हाच नवरा कामावरून आला. चपला काढायला वाकला, माझ्याकडे पाठ करून. कालचीच पँट होती.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “असाच वाकून राहा.”

“आई, कंबर दुखतेय.”

“दुखू दे. सूनबाई, इकडे ये. हे बघ.”

पँटच्या मागच्या बाजूला, मांडीपासून पोटरीपर्यंत, बारीक बारीक गोल दाब उमटले होते. रांगेत. टाचणीच्या मण्याएवढे. सूनबाईंनी बोटाने एकेक दाब चाचपला. तिच्या गोष्टीतल्या मावशीनेही असेच केले असते.

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “हे काय आहे?”

तो सरळ झाला. त्याचा चेहरा पाहून मला चार दिवसांचे जेवण मिळाल्यासारखे वाटले. “मी चादर टाकली होती गं... दुहेरी. मला वाटलं, काही होणार नाही. नंतर कळलं तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.”

“आणि बिचाऱ्या फळीवर ढकललंस?” सासूबाई कडाडल्या. “लाज नाही वाटली, बाळ्या? तुझे शाळेचे गणवेश केलेत तिनं!”

वीस वर्षांत माझी बाजू घेऊन कोणी बोलल्याची ती पहिली वेळ.

गुन्हेगार सापडला, पण चिठ्ठ्या कोऱ्याच होत्या. दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली होती. शाई जाते उष्णतेने, आणि कडक थंडीत परत येते. सूनबाईंनी चौसष्ट चिठ्ठ्या डब्यात भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. नवऱ्याला मला पुन्हा उघडायला लावले. पुठ्ठ्याची घडीही त्यानेच गुडघ्यावर बसून सरकवली. त्यानंतर तिघेही स्वयंपाकघरात फ्रीजसमोर बसून राहिले.

दोन तासांनी डबा उघडला आणि सूनबाई किंचाळली. अक्षरे आली होती. पण सगळीच आली होती! चार वर्षांत जे जे खोडले, तेही थंडीने वर आले होते, कारण बाईने जुन्याच चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वापरल्या होत्या. डॉक्टरवर पुतण्या, पुतण्यावर ग्रंथपाल, त्यावर नवा खुनी. एकावर एक गिचमिड. “संपलं,” ती म्हणाली. “यातलं काही लागत नाही. सोमवार गेला.”

सासूबाईंनी चष्मा ओढला. सगळ्यात जुनी, कडा मळलेली चिठ्ठी घेऊन त्या उजेडात गेल्या. “सूनबाई, सगळ्यांच्या खाली हे कोण आहे? ‘मुख्याध्यापिका’?”

सूनबाईंनी मान खाली घातली. “ती पहिली होती. निवृत्त मुख्याध्यापिका. सगळ्यांना चहा देते ना, ती. वाचनालयाचे चिटणीस तिनं आयुष्यभर जमवलेली पुस्तकं रद्दीत घालायला निघतात. न विचारता. म्हणून ती त्यांच्या पेल्यात... पण तुम्हाला दाखवायच्या आधीच एका प्रकाशकांना कल्पना सांगितली, तर ते हसले. म्हणाले, म्हातारी बाई कुठे खून करते? म्हणून मी खोडली.”

“का नाही करत?” सासूबाई म्हणाल्या. “मी तर रोज ठरवते.” त्यांनी नवऱ्याकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, एक नजर टाकली. मग चिठ्ठी पुन्हा वाचली आणि त्यांचा आवाज बदलला. “अगं, ती पहिल्या पानापासून समोर आहे. तिच्या हातचा चहा मी चार वर्षं पितेय. माझा एकदाही संशय गेला नाही.”

सूनबाईंनी ती चिठ्ठी घेतली, माझ्या निमुळत्या टोकावर ठेवली आणि टाचणी मारली. टाचणी माझ्या गादीत खोल रुतली, आणि मित्रांनो, तेवढी एक टाचणी मला टोचली नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार ती उभी होती. मीही उभी होते. दुकानातून तिने रजा घेतली. घरात सगळ्यांनी चुरगळलेले कपडे घातले. सोमवारी नवरा स्वतः हस्तलिखित घेऊन गेला आणि त्याच संध्याकाळी फोन आला. संपादकबाई म्हणाल्या, “मला खुनी नाही ओळखता आला!” सूनबाईंनी तीनदा विचारले, “खरंच?”

पुस्तक आले, खपले, लोक घरी येऊ लागले. लेखिकाबाई म्हटल्यावर बरे दिसावे, म्हणून नवऱ्याने ते चकचकीत टेबल आणले आणि पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून मला दारामागे उभे केले. फोटोवाल्याने तर विचारले, “हे मागचं भंगार जरा हलवता का?” भंगार! अरे, ज्या पुस्तकाचे कौतुक छापायला आलास, त्यातला खून कशावरून झाला ते तरी वाचून यायचे होते!

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझे कळकळीचे सांगणे आहे. जुनी वस्तू टाकायच्या आधी तिने काय काय सोसले, ते एकदा आठवा. काही चुकले की जिला बोलता येत नाही, तिच्यावर खापर फोडू नका. आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले दुसऱ्याच्या हसण्यावरून खोडू नका. माझे ऐका किंवा ऐकू नका, पण मी सांगितले नाही असे म्हणू नका.

नव्या टेबलावर दोन महिन्यांत दुसऱ्या पुस्तकाची तीन पाने झाली. त्यातल्या दोन पानांवर सूनबाईंच्या गालाचा ठसा होता, कारण ती खुर्चीत झोपली होती. काल दुपारी तिने दारामागून मला ओढून काढले, पुठ्ठा सरकवला आणि माझ्या पायाला लाल नाडी बांधली.

आज सकाळी नवरा चुरगळलेला सदरा घेऊन आला. नाडी पाहिली. जरा वेळ तिथेच उभा राहिला. मग तो सदरा तसाच अंगात घालून कामावर गेला.