मोगऱ्याला मिळालेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची बाटली आहे. पोटाला पोचा पडलाय, झाकणाचं रबर सैल झालंय. शाळकरी आरोहीने भद्रकालीच्या बाजारातून मला आईसाठी हट्टाने घेतलं, तेव्हा मात्र माझ्यात तोंड दिसायचं. आई पाणीच पीत नाही, ही तिची कायमची तक्रार.

तिची आई साधना द्वारका चौकाजवळच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला होती. सकाळी आरोही मला माठातल्या पाण्याने काठोकाठ भरायची आणि बजावायची, "आई, आज संपवूनच आण हं!" आपण कुणाची तरी तहान भागवणार, म्हणून मी अगदी ऐटीत निघायचे.

कसलं काय! दिवसभर साड्या उलगडून, बोलून बोलून साधनाचा घसा कोरडा पडायचा, पण माझं झाकण काही उघडायचं नाही. दुकानाचं स्वच्छतागृह मागच्या जिन्यावर, कुलूपबंद. किल्ली शेठच्या गल्ल्यात. ती गिऱ्हाइकांसमोर मागावी लागे आणि शेठ मोठ्याने म्हणे, "परत?"

"अगं, घोटभर तरी घे," सोबत काम करणारी झुंबरबाई म्हणायची.

"नको गं बाई. पाणी प्यायलं की किल्ली मागा. लाजच वाटते मला."

संध्याकाळी घराच्या जिन्याखाली थांबून ती मला मोगऱ्याच्या कुंडीत उपडी करायची. वर गेल्यावर आरोही मला हलवून बघायची. "शाब्बास, आई!" मला वाचा असती तर तेव्हाच ओरडले असते. मोगरा तेवढा छान फोफावला.

पुढे साधनाला लघवीला जळजळ होऊ लागली, थंडी वाजून ताप येऊ लागला. तिने सगळं अंगावर काढलं. एका दुपारी साडीची घडी घालता घालता ती मटकन खाली बसली. दवाखान्यात नेलं, तोवर दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती.

आता तिचं डायलिसिस चालू आहे. प्यायलेलं पाणी आता अंगातच साचतं, म्हणून ते मोजूनच द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आरोही माझ्या तळाशी थोडंसं पाणी ओतते, दिवसभर तेवढंच.

"अजून एक घोट दे ना गं," साधना म्हणते.

आरोही मान फिरवते आणि रडते.

मित्रांनो, तहान लागली की पाणी प्या, लघवीला लागली की जा, कोणी काहीही म्हणो. आणि आईची बाटली रिकामी दिसली तरी तिला एकदा विचारा, तूच प्यायलीस ना? माझं सगळं पाणी त्या कुंडीत गेलं, आणि आज घोटभर पाण्यासाठी साधना लेकीच्या तोंडाकडे बघत बसते.