युडेमस मास्तरांचं टोगा-प्रकरण

टोगा नेसायला दोन माणसं लागतात आणि सुटायला एक शिंक पुरते, असं युडेमस मास्तर म्हणत. गेली एकतीस वर्षं ते रोममध्ये रोज उजाडायच्या आत तो बारा हात लोकरीचा ढीग अंगावर चढवून मालियस बाल्बसच्या दारात जाऊन उभे राहत होते. बाल्बसने त्यांना गुलामीतून मोकळं केलं होतं, आपलं नाव दिलं होतं, आणि त्या बदल्यात रोजची हजेरी मागितली होती. हजेरी टोग्यातच. नुसत्या अंगरख्यावर गेलं तर दारवान दार उघडत नसे. चिखल असो, ऊन असो, मास्तर टेकडी चढायचे, घामाघूम व्हायचे, "नमस्कार, मालक," म्हणायचे आणि परत खाली उतरून पोरांना व्याकरण शिकवायला बसायचे. या कपड्याचा त्यांना मनापासून राग होता.

आणि नेमक्या याच कपड्याच्या नावावर त्यांचं घोडं अडलं होतं. पंधरा वर्षं ते वस्त्रांच्या नावांवर एक ग्रंथ लिहीत होते. कुठलं नाव कुठून आलं, आधी त्याचा अर्थ काय होता, मग काय झाला. झगे झाले, पट्टे झाले, चपला झाल्या. टोग्याचं प्रकरण मात्र त्यांनी मागे ठेवलं होतं, कारण घरात टोगा हा शब्द उच्चारायची सोय उरली नव्हती.

मास्तरांची मुलगी मालिया दोन वर्षांपूर्वी माहेरी परत आली होती. तिच्या नवऱ्याने, कॅसिडियसने, एका गवंड्याशी तिचं नाव जोडून तिला कोर्टात खेचलं. निकाल तिच्या विरुद्ध गेला. लग्नाच्या बाईचा पायघोळ स्टोला तिच्याकडून गेला, मुलगा सर्व्हियस बापाकडे राहिला, आणि ती बाहेर पडलीच तर टोगा नेसून पडेल, असं ठरलं. पुरुषाच्या अंगावर तो दिसला की लोक वाट देतात. बाईच्या अंगावर दिसला की लोक शिट्ट्या मारतात, कारण बायकांत तो फक्त बाजारबसव्या नेसतात. गवंड्याचं खरं की खोटं, हे मास्तरांनी तिला कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

या मार्चमध्ये सर्व्हियसला पंधरा पुरी होणार होती. लिबर देवाच्या सणाला तो पोरवयाचा जांभळ्या काठाचा टोगा उतरवून मोठ्यांचा पांढरा टोगा नेसणार, आणि बाप त्याला मिरवत फोरमच्या चौकात नेऊन नागरिकांच्या यादीत नाव घालणार. कॅसिडियस लाकडाचा व्यापारी. त्याने मुद्दाम माणूस पाठवून निरोप दिला, "त्या दिवशी त्या बाईने रस्त्यावर तोंड दाखवू नये."

निरोप ऐकून मालिया म्हणाली, "बाबा, मला त्याला जाताना बघायचंय. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"बघू या," मास्तर म्हणाले. "मी काहीतरी करतो."

काहीतरी म्हणजे काय, तर त्यांनी टोग्याचं प्रकरण लिहायला घेतलं. त्यांचा हिशेब असा होता: कॅसिडियस कुणाला भीत असेल तर बाल्बसला, कारण बाल्बसच्या नव्या घराचं सगळं लाकूड त्याच्याकडून जातं. बाल्बसला आपण विद्वानांचे पोशिंदे आहोत असं वाटून घ्यायची हौस. तर बाल्बसच्या पंगतीत हे प्रकरण वाचायचं. टोग्यात बाईला लाज वाटावी असं काही नाही, हे मुळापासून सिद्ध करायचं. ऐकणारे माना डोलावतील, बाल्बस खूश होईल, आणि मग हळूच आपलं मागणं पुढे करायचं, की मालियाला अडवू नको असं बाल्बसने कॅसिडियसला सांगावं. असल्या सरळ रेषेत जगात काही घडत नाही हे साठी ओलांडलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण शब्दांवर पोट असलेल्या माणसाला शब्दांनी कामं होतात असंच वाटतं.

बाल्बसने वाचनाची तारीख तीनदा पुढे ढकलली. एकदा त्याचं पोट बिघडलं, एकदा घोड्यांच्या शर्यती होत्या, आणि तिसऱ्यांदा तो विसरला. चौथ्या वेळी सणाला दोन दिवस उरले असताना, दुपार कलल्यावर मास्तरांना पंगतीत बोलावलं गेलं. पाहुणे कोपरावर रेलून खारवलेले मासे खात होते. मास्तर उभे होते.

"टोगा म्हणजे झाकणारं," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "झाकणे या साध्या क्रियापदापासून हा शब्द आला. छपरावरचं कौल, गुराख्याची झोपडी, ही याच शब्दाची सख्खी भावंडं..."

"थांब, थांब," बाल्बस म्हणाला. "कौल? म्हणजे मी सिनेटमध्ये कौल पांघरून बसतो?"

पंगत हसली. कडेला रेललेला एक टकला पाहुणा म्हणाला, "डोक्यावरचं छप्पर माझ्यासारखं तुमचंही उडालंय बाल्बस, कौलं बरी!"

"अरे युडेमस," बाल्बस म्हणाला, "काहीतरी भारदस्त काढ ना. एखादा राजा वगैरे नाही का याच्या मागे?"

"राजा नाही, मालक. असता तर लिहिला असता."

हे बोलायला नको होतं, ते मास्तरांना बोलून झाल्यावर कळलं. ते घाईघाईने पुढे वाचू लागले. जुन्या काळी हेच वस्त्र दिवसा नेसत आणि तेच अंथरुणात पांघरत. पुढे शेतकऱ्यांची सेना झाली, सेनेचे कपडे वेगळे झाले, तेव्हा टोगा म्हणजे युद्ध नाही, शांतता, असा अर्थ आला. मग टोगा म्हणजे रोमचा नागरिक. मग उमेदवार तो खडूने पांढराफेक करू लागले. आता तो पहाटेच्या हजेरीचा कपडा आहे, आणि गावाकडे तर लोक तो मेल्यावरच अंगावर घेतात. इथे पाहुणे मनापासून हसले, आणि मास्तरांना धीर आला. त्यांनी आवाज चढवला.

"आणि ध्यानात ठेवा, मुळात हे वस्त्र नुसतं पुरुषांचं नव्हतं. आपल्या पणज्या, खापरपणज्या, ज्यांच्या शीलाचे आपण दाखले देतो, त्या सगळ्या टोगाच नेसत होत्या."

"आजही नेसतात की!" टकला ओरडला. "शर्यतीच्या मैदानाच्या कमानींखाली जाऊन बघ मास्तर, चार चार उभ्या असतात!"

असा हशा उसळला की एकाचा प्याला सांडला. मास्तर ग्रंथाची गुंडाळी हातात धरून हसू ओसरायची वाट बघत राहिले. ते ओसरेना. शेवटी ते बाल्बसच्या जवळ गेले आणि वाकून, कानाशी, दोन वाक्यांत मागणं सांगून मोकळे झाले.

बाल्बसचं हसू गेलं. "तुझ्या मुलीचं नाव काय, युडेमस?"

"मालिया. आपणच..."

"मीच दिलेलं. माझं नाव. ते नाव तिने एकदा कोर्टात धुळीला मिळवलं, ते पुरे नाही झालं? आता फोरमच्या रस्त्यावर, सणाच्या दिवशी, त्या कपड्यात उभी करतोस? घरात बसव तिला. आणि प्रकरण चांगलं आहे, फक्त ते कौल तेवढं काढ."

टेकडी उतरताना मास्तरांना इतका संताप आला होता की रस्त्यात त्यांनी एका भिंतीला लाथ मारली. लागलं त्यांनाच. संताप बाल्बसचा होता, टकल्याचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा होता, कारण त्या हशाला उत्तर म्हणून त्यांच्याकडे फक्त आणखी तीन जुने दाखले तयार होते.

मालिया लोकर विंचरत बसली होती. त्यांनी तिला झालेलं सांगितलं, आणि मग, का कोण जाणे, गुंडाळी उघडून पणज्यांचा भाग वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतला.

"छान आहे," ती म्हणाली. "आता मी काय करू बाबा? ही गुंडाळी हातात धरून फिरू? बाजारात कोळीण माझ्यावर थुंकली की तिला थांबवून वाचून दाखवू?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? मी तुम्हाला कुठे म्हटलं की जाऊन बाल्बसला विचारा? मला कशाला हवी होती त्याची परवानगी? रस्ता काय त्याच्या बापाचा आहे? मी तुम्हाला एकच विचारलं होतं. तुम्ही माझ्याबरोबर याल का, एवढंच. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दोन वर्षांत एकदा तरी आलात माझ्याबरोबर? पाण्याला? बाजाराला?"

मास्तरांनी गुंडाळी मिटली. त्यांच्या शाळेत बावीस पोरं होती आणि त्या पोरांचे बाप रोज त्याच रस्त्याने जात. हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं त्यांनी शब्दाच्या मुळाशी जाऊन जाऊन एवढी एक गोष्ट टाळली होती.

"येतो," ते म्हणाले.

"उपकार नकोत."

"येतो म्हटलं ना!" ते ओरडलेच. "आता त्यावरही भांडू नकोस!"

सणाच्या सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर आयव्हीच्या वेलीच्या माळा घातलेल्या म्हाताऱ्या छोट्या शेगड्या मांडून मधाच्या वड्या तळत बसल्या होत्या. बापलेक त्यांतल्या एकीच्या मागे उभे राहिले. दोघांच्याही अंगावर टोगा. मालियाचा काळपट, जाड, पण असा चोख नेसलेला की एक निरी हलत नव्हती. मास्तरांचा नेहमीसारखा घसरत होता. शिट्ट्या लगेच सुरू झाल्या. शेगडीवाल्या म्हातारीने वळून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या धंद्यापासून जरा लांब उभी राहा गं बाई." मालिया अर्धं पाऊल सरकली. त्याहून जास्त नाही.

तेवढ्यात शाळेतल्या एका पोराचा बाप, तेलाचा व्यापारी, समोर थांबला. "मास्तर, तुम्ही इथे? आणि ही कोण?"

"माझी मुलगी," मास्तर म्हणाले.

व्यापाऱ्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, "बरं," म्हणाला आणि निघून गेला. त्याचं पोर उद्या शाळेत येणार नाही हे मास्तरांनी ओळखलं. त्यांना सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. फक्त राग आला, की एवढ्या दोन शब्दांना दोन वर्षं लागली.

मग कॅसिडियसची मंडळी आली. पुढे तो, मागे चुलते, मध्ये सर्व्हियस. पोरगा बापाएवढा उंच झाला होता. नवा पांढरा टोगा त्याला मोठा होता आणि नवशिक्याचं होतं तेच त्याचं झालं होतं. घरी नेसवणाऱ्याने घातलेल्या निऱ्या गर्दीच्या धक्क्यांनी सुटल्या होत्या, खांद्यावरचा पदर पाठीवर लोळत होता, आणि पुढचा घोळ पायात येत होता. तो एका हाताने वर ओढी तर दुसरीकडून सुटे. चुलत्याने मदत करायला हात घातला तर चुलत्याचाच टोगा ढळला. लाकडाचे व्यापारी ते, वर्षातून दोनदा नेसणारे. नेसवणाऱ्याला बरोबर घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. लोक आता मालियाला सोडून पोराला हसू लागले.

"नीट धर ना, गाढवा!" कॅसिडियस दात खाऊन म्हणाला.

सर्व्हियसचा पाय घोळात अडकला. तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. त्याने मान वर केली आणि त्याला ती दिसली.

मालिया म्हातारीची शेगडी ओलांडून रस्त्यात उतरली. कॅसिडियस म्हणाला, "ए, मागे हो!" ती त्याच्या अंगावरून पुढे गेली. तिने पोराच्या खांद्यावरून सगळा ढीग उचलला, झटकला, मोजून निऱ्या घेतल्या, पाठीमागून फिरवून काखेखालून आणला, पोटावर घोळ सोडला आणि टोक डाव्या खांद्यावरून मागे टाकलं. रोमभर शंभर घरंदाज बायकांना विचारलं असतं तरी एकीला हे आलं नसतं. तिला यायचं, कारण ती ते दोन वर्षं रोज, एकटी, आरशाशिवाय करत होती.

सर्व्हियस तिच्याकडे बघेना. तो जमिनीकडे बघत ताठ उभा होता. मग हळूच, बापाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "आई, हा डावा हात कुठे ठेवू?"

"छातीशी," ती म्हणाली. "आणि घरी पोचेपर्यंत काढायचा नाही. कोणी कितीही हसलं तरी."

त्याने हात छातीशी धरला आणि चालू लागला.