सैल पट्ट्याची गाणी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. दोन चकत्या, पाच बटणे आणि पोटात एक रबरी पट्टा, एवढाच माझा संसार. चकत्या फिरतात त्या या पट्ट्यामुळे. तो लक्षात ठेवा.

माझी मालकीण तरुणपणी रॉक बँडमध्ये गात असे. सायकलच्या दुकानामागच्या खोलीत, भिंतींना जुन्या रजया टांगून, त्या चौघांनी स्वतःची नऊ गाणी माझ्यावर उतरवली. गाण्याआधी ती माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणायची, "चल रे बाबा, नीट ऐक." पुढे बँड पांगला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे तीस वर्षे धूळ खाल्ली.

एके दिवशी तिचा भाचा आला. "आत्या, हे मशीन नेऊ? शोभेला." शोभा कसली! आत्याची गाणी आपल्या बँडकडून नव्याने गाऊन घ्यायची आणि साठाव्या वाढदिवसाला अल्बम तिच्या हातात ठेवायचा, असा त्याचा गुपचूप बेत होता.

मी हौसेने वाजलो. पण माझा पट्टा सैल पडला होता. गाणी संथ आणि खोल निघाली. पोरांना वाटले, आत्या अशीच गात असणार. तिला विचारावे, तर गुपित फुटते.

त्यांची गायिका बारीक आवाजाची. सगळे तिला चिमणी म्हणत. तिचा आवाज तेवढा खाली उतरेना.

"सूर जरा वर घेऊ या का?" तिने विचारले.

"नाही. आत्याचं आहे तसंच," भाचा म्हणाला.

अकराव्या खेपेला ड्रमवाला हसला. "चिमणे, विहिरीत पडल्यासारखी गातेयस."

चिमणीने वही पिशवीत घातली. "दुसरी कुणी बघा. मला नाही पेलत आत्यांचं गाणं."

दोष माझा होता. पण मला दुसऱ्याचेच बोलता येते.

तेवढ्यात भाच्याची विसरलेली किल्ली घेऊन आत्या दारात आली. मी वाजतच होतो.

"हे कोण रडतंय?"

"आत्या, तूच आहेस," भाचा ओशाळून म्हणाला.

"मी? अरे, आम्ही काय झोपेत गायचो?" तिने माझे झाकण उघडले, पट्ट्याला बोट लावले. "लोंबलाय बघ. इतक्या वर्षांत कुणी पुसलंसुद्धा नाही याला. मीही नाही."

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून नवा पट्टा आला. मी पुन्हा वेगात फिरलो, आणि माझ्यातून तरुण आत्या गाऊ लागली. अगदी बारीक, उंच आवाजात. आत्या चिमणीकडे वळली. "पिशवी ठेव खाली. हा सूर तुझाच आहे."

आठ गाणी चिमणी गायली. नववे मात्र त्यांनी संथच ठेवले, कारण वयाने आत्याचा आवाज नेमका माझ्या सैल पट्ट्याइतकाच खाली आला होता. ते ती स्वतः गायली. त्याआधी तिने माझ्या झाकणावर टिचकी मारली.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर कुणी मुके पडले असेल. त्याला खाली काढा, पुसा. आणि कुणाचा सूर जमत नसेल, तर त्याला घरी पाठवण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.