परवा नक्की

“करतो ना, बोटांचा व्यायाम रोज करतो,” टेलरमास्तर गोड हसून म्हणाले. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

“कशाचं करतात, ताई?” त्यांची बायको फणकारली. “घरी नुसती मान डोलावतात. बोट हलवतील तर शपथ.”

फिजिओथेरपीच्या त्या खोलीत ताईंचा शब्द म्हणजे शब्द. माणूस दारातून आत आला की त्याच्याशी कसं बोलायचं ते त्यांना कळायचं. कुणाला दटावायचं, कुणाला चुचकारायचं, कुणाला कारण पटवून द्यायचं. एका निवृत्त हवालदाराला त्या हुकूम सोडत आणि तो खूश होऊन पाय उचलत असे. मास्तर हसरे, म्हणून त्यांना चुचकारणं चाललं होतं. तिथंच घोडं पेंड खात होतं. पक्षाघातानंतर बोटांत थोडी जान उरली होती. आत्ता वापरली नाहीत तर ती कायमची आखडणार होती.

“बरं, परवा तरी करून दाखवाल?”

“परवा नक्की,” मास्तर म्हणाले.

ताई थबकल्या. हे ‘परवा नक्की’ कपडे शिवायला टाकणारी कुठली बाई ओळखणार नाही? हा गोडवा स्वभावाचा नव्हताच, दुकानाचा होता. आणि अशा गोड टेलरकडून कपडे कसे काढून घ्यायचे, हे ताईंना कुणी शिकवायला नको होतं.

पुढच्या खेपेला त्यांनी आपला पांढरा कोट, सुटलेलं बटण आणि दोरा ओवलेली जाड सुई टेबलावर ठेवली. स्टूल ओढून समोर बसल्या.

“मास्तर, बटण लावून हवंय. उजव्या हातानं.”

“ठेवून जा. परवा...”

“मी बसलेय. घेतल्याशिवाय उठायची नाही.”

मास्तरांचं हसू मावळलं. ठाण मांडून बसलेलं गिऱ्हाईक काय चीज असते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. सुई निसटली, पुन्हा निसटली. बायको उचलायला वाकली, तशी ताईंनी तिला डोळ्यांनीच बसवलं. मास्तर घामाघूम झाले. अखेर अंगठा बोटाला टेकला आणि सुई कापडात शिरली.

बटण लागलं, पण वाकडं आणि लोंबतं. ताईंना भरून आलं. कोट अंगात चढवून त्या म्हणाल्या, “झकास.”

“काढा तो,” मास्तर पहिल्यांदाच न हसता म्हणाले. “असलं काम माझ्या दुकानातून बाहेर जात नाही.”

दुकान तर मागेच दुसऱ्याला देऊन झालं होतं. ताईंनी कोट उतरवून दिला. मास्तरांनी तो मांडीवर पसरला आणि त्याच बोटांनी आपला टाका उसवायला घेतला.